गुण मोजणारा प्रोग्रॅम

२००१ च्या सुमारास वारूळवाडीतल्या एका वधू-वर सूचक केंद्रासाठी मी स्थळं शोधायचा प्रोग्रॅम लिहिला. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं हे माझं पहिलंच काम. आमच्या बौद्ध घरात आजोबांपासून कुणी पत्रिका मांडलेली नाही, तरी मी पंचांग आणून नक्षत्रं पाठ केली. जन्मवेळेवरून चंद्र कुठे होता ते काढायचं, मग छत्तीस गुण मोजायचे, असं लांबलचक गणित बसवलं.

केंद्रचालक रिटायर्ड आणि हेकट. पत्रिका आधी, बाकी सगळं मागनं, असं त्यांनी बजावलं होतं. मीही गाढवासारखं शब्दशः तसंच लिहिलं. एका मुलीसाठी शोध लावला की कॉम्प्युटर आधी हजारभर मुलांच्या पत्रिका मांडत बसायचा आणि मग जात, वय, शिक्षण, कुळाचं देवक बघून त्यातली बहुतेक गाळायचा. घोडेगावकडचे एक वडील मुलीचा फोटो घेऊन तासभर बसले आणि एसटी चुकेल म्हणून यादी न घेताच उठले. चालकांनी मला आठ दिवस दिले. नाही जमलं तर ते पुन्हा स्थळांच्या जुन्या वह्या काढणार होते आणि माझं काम मातीत जाणार होतं.

चार दिवस मी ते गणितच आखूड करायच्या खटपटीत घालवले. काही फरक पडेना. शेवटी वैतागून चालकांना विचारलं, वह्या होत्या तेव्हा तुम्ही काय करायचात?

"आधी जात बघायची. मग देवक, मग वय. उरतील त्यांच्याच पत्रिका. हजार पत्रिका कोन मांडत बसंल?"

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मग मला उलटं का सांगितलं? तर पत्रिकेचा मान पहिला, म्हणून ती पहिली सांगितली, एवढंच.

मी क्रम फिरवला. जातीची अट सगळ्यात वर, पत्रिकेचं गणित तळाला. चहा ओतेपर्यंत यादी समोर. चालक एवढे खूश झाले, की म्हणाले, "तुमचंबी नाव टाका की राव, फुकट."

नको म्हणत होतो, पण त्यांनी बसवलंच. वय, शिक्षण भरलं, जातीच्या रकान्यात बौद्ध लिहिलं आणि शोध लावला. एकाही मुलीची पत्रिका न उघडता क्षणात उत्तर आलं. यादी कोरी होती. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण जातीची ती अट मीच माझ्या हातानं सगळ्यात वर नेली होती.