घरमालकांचे तळपाय

मारुंजीतले आमचे घरमालक दर रविवारी खोली तपासायला येतात, तेही अनवाणी. "आपल्याच फरशीवर चपला कशाला?" भाडेकरूंसाठी त्यांचे नियम दोनच. फरशीवर डाग नको आणि भिंतीला खिळा नको.

साखर त्यांना कैक वर्षांची आहे. चहा बिनसाखरेचा मागतात आणि खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकून पितात. "गूळ औषधी असतोय, ताई." साखरेपायी पाय बधिर झालेत, तर त्याचंही कौतुक. "निखाऱ्यावर चाललो तरी कळायचं न्हाई मला!" घरातही चप्पल घाला, रोज तळपाय बघा, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण तळपाय बघायला त्यांना सवड कुठली? सहा खोल्यांच्या फरश्या बघायच्या असतात.

गेल्या रविवारी ते दारापासून मोरीपर्यंत गेले, मागे वळले आणि कडाडले, "ह्ये लाल डाग कसले? कोण पान खातंय हितं?"

डाग त्यांच्याच पावलांचे होते. मी त्यांना खुर्चीत बसवून पाय वर घ्यायला लावला. टाचेत खिळा रुतला होता, कधीचा कोण जाणे. चपलेतला खडा काढावा तसा त्यांनी तो उपटला. 'स्स'सुद्धा केलं नाही.

"मालक, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. मी रिक्षा बोलावते."

"थांबा जरा," खिळा निरखत ते म्हणाले, आणि रक्ताळलेली टाच टेकवत भिंतीवर त्याचं भोक शोधू लागले.