सादिक आणि बूस्ट न येणाऱ्या गाड्या

गॅरेज चालवणाऱ्याकडं दोन गोष्टी साचत जातात, जुने पार्ट आणि किस्से. पार्ट भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुठं टाकणार? मग कोणी चहाला बसलं की मी सुरू होतो. माझ्या किश्शांत सगळीकडं सादिक असतो. उदगीरच्या माझ्या गॅरेजात तो नऊ वर्षं भागीदार होता. आज नाही, कारण मीच त्याला घालवला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक पोट धरून हसतात आणि शेवटी विचारतात, "मग आता कुठं असतो तो?" तेव्हा माझी पंचाईत होते.

* * *

मी डिप्लोमावाला, सादिक सातवी पास. गाडी आली की मी स्कॅनर लावायचो आणि तो कान लावायचा.

एकदा निलंग्याचे एक मास्तर डिझेल गाडी घेऊन आले. गाडी चढाला ओढत नव्हती. स्कॅनरवर आलं, टर्बोचा बूस्ट कमी, म्हणजे इंजिनाला हवेचा जोर पुरत नाही. मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "सर, टर्बो गेला. नवाच टाकावा लागंल." मास्तर मटकन स्टुलावर बसले.

सादिकनं बॉनेटखाली हात घातला आणि एक रबरी पाइप दाबून पाहिला. टर्बोनं ढकललेली हवा त्या पाइपातून इंजिनात जाते. त्याची क्लिप ढिली झाली होती, बाकी काही नाही. त्यानं पाना फिरवला, मास्तरांना म्हणाला, "जावा सर," आणि मग माझ्याकडं वळला. "मल्ल्या, फुंकणीला भोक पडलं म्हणून बाईचं फुफ्फुस बदलतोस का?"

पुढं महिनाभर मास्तर भेटेल त्याला हे ऐकवत होते. मीही सगळ्यांबरोबर हसलो. पण आतून मला राग आला होता, हे आज कबूल करतो.

* * *

टर्बोच्या काही खोड्या रिकाम्या गाडीत दिसतच नाहीत. वजन टाकून गाडी चढावर न्यावी लागते. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडं पाण्याच्या टाकीचा एक पिकअप आला. टाकी भरली की तो ओढायचाच नाही. सादिक म्हणाला, भरून आणा, ट्रायल घेऊ. मालक चिडला. "पाणी काय ट्रायलला हाय का? दोन गल्ल्या वाट बघलालेत माझी."

मग टाकी खाली उतरवली आणि वजन म्हणून सादिकनं समोरच्या हॉटेलातली सगळी गिऱ्हाईकं पिकअपमध्ये चढवली. हॉटेलवाले चनप्पा एकटेच दोन पोत्यांच्या जागी धरले. चढाच्या मध्यावर 'फट्ट' असा मोठा आवाज झाला. सगळे चनप्पांकडं बघायला लागले.

"मी न्हाई," चनप्पा म्हणाले, "गाडी हाय."

सादिकनं तोवर खाली उतरून फाटलेला पाइप हातात धरला होता. गिऱ्हाईकं उन्हात चालत परत आली आणि त्या दोन गल्ल्यांना संध्याकाळी पाणी मिळालं.

* * *

हवा कुठून गळते ते शोधायला जॉइंटवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा आला की तिथं गळती. त्या उन्हाळ्यात आम्हाला प्यायला पाणी नव्हतं, साबणाला कुठलं! एका गाडीवाल्याला मी सरळ सांगत होतो, पाऊस पडल्यावर या. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या घरातून सादिक आला. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस, हातात दाढीचा मग.

दाढीच्या ब्रशनं त्यानं एकेक जॉइंट रंगवला. टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या कोपऱ्यात टप्पोरा बुडबुडा फुगला. "सापडला," म्हणून तो दाढीचा मग घेऊन घराकडं निघाला.

"अरे, फेस तरी पूस तोंडावरचा," मी म्हणालो.

"ह्यो गाल ऱ्हायलाय अजून. पुसला तर पाणी कुठनं आणू?"

* * *

उदगीर जिल्हा होणार, अशी चर्चा त्याच दिवसांत जोरात होती. मी उत्साहात गॅरेजचा बोर्ड नव्यानं रंगवून घेतला. खाली लिहिलं, 'ता. जि. उदगीर'. सादिक बोर्डाकडं बघत म्हणाला, "मल्ल्या, तू कुणी सांगितलं की लिहून मोकळा होतोस. जरा उघडून बघत जा."

जिल्हा झाला नाही. बोर्ड मात्र अजून तसाच लटकलेला आहे.

* * *

हा पुढचा किस्सा मी चहाला सांगत नाही.

नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी एक वकीलसाहेब चार माणसं घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांची गाडी आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून केली होती. घाटात गाडीनं दम सोडला, काळा धूर ओकला आणि दुसऱ्या दिवशी दोराला बांधून परत आली. मुंबईची भेट हुकली. मी पाइप उघडला तर आत चिंधीचा बोळा. पाइप उघडा असताना धूळ जाऊ नये म्हणून त्याचं तोंड झाकतात आणि जोडताना ते काढून घेतात. तो बोळा कोणी काढलाच नव्हता.

"हे कोणाचं काम?" वकीलसाहेबांनी भरल्या गॅरेजात विचारलं.

मी पाइप उघडला होता, पण डोकं उघडून बघितलं नाही, आठवून बघितलं नाही. म्हणालो, "सादिकचं."

सादिकनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं भांडेल. तो वकीलसाहेबांना म्हणाला, "चुकी झाली साहेब." हात पुसले. दुसऱ्या दिवशी आला नाही. सासुरवाडी नांदेडची, तिकडं त्यानं शेड टाकल्याचं नंतर कळलं.

सातआठ महिन्यांनी मी असाच एक पाइप खोलत होतो. एका हातात फोन होता. दुसऱ्या हातानं खिशातली चिंधी काढली आणि पाइपाच्या तोंडात कोंबली. मग मी माझ्याच हाताकडं बघत राहिलो. सादिक पाइपाला कॅरीबॅग बांधून वर रबर लावायचा. नऊ वर्षांत त्यानं कधी चिंधी कोंबली नव्हती. म्हणजे त्या दिवशी, सगळ्यांसमोर उभा असताना, बोळा कोणाचा ते त्याला माहीत होतं. मला फार लाज वाटली. गाडीच्या आडोशाला बसून मी रडलो.

* * *

तरीही नांदेडला जायला मला दोन वर्षं लागली. नुसतं जाऊन माफी मागायची हिंमत होईना. लोह्याच्या पुढं रस्त्याकडेला गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि टर्बोचा बारीक व्हॅक्यूम पाइप हातानं उपटून ठेवला. बूस्ट गेला. मागचे ट्रक हॉर्न मारत होते आणि मी कण्हत कुंथत गाडी सादिकच्या शेडपुढं नेऊन उभी केली.

तो बाहेर आला. दाढी पिकली होती. घरून ठरवून आणलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"बूस्ट येईना," मी म्हणालो.

त्यानं बॉनेट उघडलं. तो पाइप समोरच लोंबत होता. पाइपावरच्या धुळीत माझ्या बोटांचे ठसे ताजे होते. दाबून बसवला की काम संपलं. सादिकनं ते ठसे पाहिले. मग त्यानं पाइपाला हात न लावता बॉनेट बंद केलं, चावी काढून खिशात टाकली.

"लई अवघड काम हाय," तो म्हणाला. "दोन दिवस तरी गाडी ठेवावी लागंल."

आणि मागच्या घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, मल्ल्या आलाय. भाकरी जास्तीच्या टाक."