नमुना जुळला नाही

बाजाराच्या कोपऱ्यावर बॅगा दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे चेनमावशी म्हणत. दाता तुटलेला असो की रनर अडकलेला, मावशीने मेण फिरवलं की चेन मुकाट चालायला लागे. तोंडही तसंच चाले. “बॅगेत अख्खा संसार कोंबता आणि दोष चेनीला देता होय?” असं गिऱ्हाइकाला सुनावल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

पण मुलगा कामाला होता त्या रंगाच्या कारखान्यात आग लागली आणि तो घरी परतलाच नाही. सहा देह सापडले, एकही ओळखू येईना. ओळख पटवायला तपासणीवाल्या बाई कापसाची काडी घेऊन चार वर्षांच्या नातीच्या गालाच्या आतून फिरवणार, तोच मावशी आडवी आली. “लेकराला कशाला त्रास? मी आई आहे ना त्याची!” म्हणत तिने स्वतःच आ वासला.

बाराव्या दिवशी मावशी, सून आणि नात अशा तिघींना बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, “मावशी, तुमचा नमुना सहापैकी एकाशीही जुळला नाही.”

“म्हणजे ते त्यात नाहीतच!” सून ताडकन उठली. “आई, ऐकलंत? कुठल्या तरी दवाखान्यात बेशुद्ध असतील. मी म्हणत नव्हते?” पोरीला कडेवर घेऊन ती माहेरी फोन लावायला बाहेर धावली.

मावशी खुर्चीला खिळली. “जुळत नाही म्हणजे काय हो?”

बाईंनी कागदावर पीळ दिलेली शिडी काढली. “ही आपल्या पेशीपेशीत असते.”

“ही तर चेन.”

“चेनच समजा. दाते चारच प्रकारचे, आणि कुणासमोर कोण बसायचं ते ठरलेलं. म्हणून ती मधोमध उघडली तरी एका बाजूवरून दुसरी जशीच्या तशी घडवता येते. दात्यांचा क्रम वाचूनच शरीर घडतं. अशा चेनी जोडीने असतात, जोडीतली एक आईकडची, एक बापाकडची. पोटच्या पोरात आईचं काहीच नाही, असं होत नाही.”

“आणि अंगावर पाजलं असेल तर?”

“दुधाने दाते बदलत नाहीत, मावशी.”

सत्तावीस वर्षांपूर्वी तिचं बाळ जन्मताच गेलं होतं. शेजारच्या खाटेवरची मुलगी आपलं बाळ तिथेच टाकून निघून गेली. ते भुकेने रडत होतं आणि हिला पान्हा फुटला होता. देवानेच पदरात घातलं म्हणत तिने ते छातीशी धरलं. दुधातून आपलं रक्त त्याच्यात उतरलं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. नवरा हे गुपित बरोबर घेऊन गेला.

बाहेरून सुनेचं हसणं ऐकू आलं. बारा दिवसांत पहिल्यांदा. आपण गप्प बसलो तर ही जन्मभर दाराकडे डोळे लावून बसेल, आणि पोरगा त्या सहांत असला तर बेवारस म्हणून मातीत जाईल. मावशी बाहेर आली.

“फोन ठेव.”

“आई, दादा निघालाय, सगळे दवाखाने...”

“ठेव म्हणते ना! तो माझ्या पोटचा नाही.”

सुनेच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. “डोकं फिरलंय का तुमचं?”

“फिरलं असतं तर सुटले असते गं. मी आणलेला तो, प्रसूतिगृहातून. माझं कशाशी जुळणारच नव्हतं. पोरीचं घ्यायला सांग. ती त्याची आहे.”

सुनेने पोरीला कडेवरून खाली ठेवलं. मग दबक्या आवाजात म्हणाली, “दहा मिनिटंसुद्धा जगू दिलं नाहीत त्यांना.”

पोरीचा हात धरून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मावशी बाकावर बसली. सवयीने हात जोडले गेले, डोळे मिटले. पण देवाला जुळू दे म्हणावं, की जुळू देऊ नको म्हणावं?