कोपऱ्यातला कळंब

मुंबईजवळच्या पूर्णा गावातल्या ज्या गोदामाच्या ऑफिसात मी काम करते, तिथले वॉचमन काका गेटवर खुर्ची नेहमी आतल्या बाजूला वळवून बसतात. येणाऱ्या ट्रकांपेक्षा त्यांचं लक्ष कंपाउंडच्या एका कोपऱ्याकडे जास्त असतं. तिथे कुणी गाडी लावली की ते शिट्टी फुंकत धावतात. "ए भाय, उधर नहीं! गाडी हटाव!"

ड्रायव्हर हसतात. "चाचा, खजाना गाड़ा है क्या?"

मलाही तो उगाच रुबाब वाटायचा.

मी फारशी कुणाशी बोलत नाही. तरी परवा ते चपला दाराबाहेर काढून माझ्या टेबलापाशी आले. "ताई, मुंबईला रानीच्या बागंत कळंब हाय का, जरा मोबाइलमदी बघ ना. रविवारी बायकोला न्यायचंय."

कळंब म्हणजे कदंब, हे मला मोबाइलवरच कळलं. बागेत तो होता.

"पण कळंबच का, काका?"

त्यांनी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ही जमीन त्यांचीच होती. दात न आलेल्या बाळाला जाळत नाहीत, म्हणून त्यांच्या मुलीला तिथल्या कळंबाखाली पुरलं होतं.

"जमीन इकायची सही मीच केली. गोदामवाले झाड ठेवू म्हनले व्हते, पन कापलं. तवापासून बायको हिकडं फिरकली न्हाय. माझ्याशी धड बोलत न्हाय. रानीच्या बागंत कळंबाच्या सावलीत बसंल जरा."

दाराकडे वळता वळता त्यांनी विचारलं, "तिथलं कापनार न्हाईत ना?"

"नाही काका. खूप जुनं झाड आहे ते."

"आमचंबी जुनंच व्हतं," ते म्हणाले.