कोऱ्या पानावरचे अंगठे

आमच्या गावात ग्रामसभेला माणसं येत नाहीत, त्यांच्या सह्या येतात. सभा भरायला शंभर डोकी लागतात आणि पंचायतीच्या ओट्यावर वीस-पंचवीस बसलेली असतात, त्यातली निम्मी चहासाठी. मग शिपाई हजेरीचं रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतो. कुणी जेवता जेवता सही करतं, कुणी म्हशीची धार अर्धवट सोडून अंगठा देतं. मी मेंबर झाले आणि पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हा मला हसू आलं होतं. दोन वर्षांत मीही त्यातलीच झाले.

सव्वीस जानेवारीच्या सभेची अडचण वेगळी. तोवर अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं असतं. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रॅक्टर येतात, नाल्याकडच्या गायरानातल्या वस्तीला एकेक करून कुलपं लागतात आणि माणसं परततात ती होळी-पाडव्याला. तेव्हा गावभर फिरूनही सह्या मिळत नाहीत. गावानं यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. लोक जायच्या आधीच कोऱ्या पानावर जानेवारीच्या सभेची हजेरी घेऊन ठेवायची. वर पान मोकळं, खाली अंगठे. सभेत जे काय ठरेल ते नंतर वर लिहायचं. हे कित्येक वर्षं चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ठराव तरी कसले असायचे? नालीवर फरशी टाका, दिव्याचा खांब हलवा, अंगणवाडीचे पत्रे बदला.

त्या वर्षी शिपायाबरोबर मी गेले. बाया त्याला ‘मालक आल्यावर या’ म्हणून वाटेला लावायच्या, मला मात्र नाही म्हणत नसत. वस्तीत एक आक्का होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. आमच्या शेतात कापूस वेचायला यायची. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं अंग तिनंच चोळलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ती ट्रॅक्टरमध्ये टाकायचं बोचकं बांधत होती.

“कशाचा अंगठा हाय वैनी?” तिनं विचारलं.

“जानेवारीच्या सभेची हजेरी आहे.”

“आमी तर तिकडं आसूत की तवा.”

“म्हणून तर आत्ता घ्यायलेय.”

“बरं. तुमी हायत म्हणल्यावर मला काय इचारायचंय?” असं म्हणून तिनं अंगठा पुढं केला. मी तो शाईत बुडवला आणि पानावर टेकवला. त्या दिवशी असे तीसेक अंगठे मी उठवले आणि दुपारी घरी येऊन निवांत जेवले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, शाळेतल्या लेकरांना बिस्किटं वाटून झाली आणि माणसं पंचायतीकडं वळली. आमच्या भागात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. त्या भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं आणि प्रोसिडिंगचं पुस्तक पुढं सरकवलं. ठराव आधीच लिहून तयार होता. गायरानाची जमीन सोलर प्लँटसाठी देण्यात यावी. सूचक म्हणून सरपंचांचं नाव आणि अनुमोदक म्हणून माझं.

मला सोलर नको होतं असं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर मी उगाच फार धीराची बाई वाटेन. आमच्याकडं शेताची लाईट निम्मे दिवस रात्रीची असते. माझे मालक बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातात आणि ते परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. एकदा त्यांच्या पायावरून साप गेला, हे त्यांनी मला चार दिवसांनी सांगितलं. सोलर आलं की दिवसा वीज मिळणार होती. महिनाभर मीच बायांत सांगत फिरले होते की हे काम आपण आणलं.

सही करायला पेन उघडलं आणि माझी नजर चतुःसीमेवर गेली. उत्तरेला नाला. नाल्यापर्यंतची जमीन म्हणजे वस्ती त्यात आली. त्याखाली एक ओळ होती: ‘सदर जागेवर कोणतेही अतिक्रमण अथवा रहिवास नाही.’ मी नजर आणखी खाली नेली. ठरावाखाली मीच घेतलेले अंगठे होते. आपण इथं राहतच नाही, असं वस्तीतल्या माणसांनी स्वतःच्या अंगठ्यानं लिहून दिलं होतं.

“भाऊसाहेब, इथं तर घरं आहेत,” मी म्हणाले.

“तालुक्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा सगळी कुलपं होती, मॅडम. गोठे आहेत असं सांगण्यात आलं.”

“कुणी सांगितलं?”

भाऊसाहेब पुस्तकातल्या रेघा बघत राहिले. “रेकॉर्डला ती घरं नाहीतच, मॅडम. सही करा, फाईल उद्याच वर पाठवायचीय.”

मी सही केली नाही. सभेनंतर करते म्हणाले आणि बाहेर येऊन बायांत बसले. माझ्या पाचावर धारण बसली होती. सरपंच म्हणजे माझे चुलत भाऊजी, माझ्या मालकांहून मोठे. त्यांच्याच पॅनलमधून मी निवडून आले होते. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्याशी थेट दोन वाक्यं बोलले नव्हते. आमच्यात ती रीतच आहे. काही सांगायचं असेल तर ते माझ्या मालकांना सांगतात, मालक मला.

नालीचा विषय झाला, दिव्यांचा झाला. मी मनात वाक्य जुळवत होते आणि ते दर वेळी विस्कटत होतं. मालक पुढच्याच रांगेत बसले होते, धुतलेला सदरा घालून. मग सोलरचा विषय निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी विचारलं, “कुणाची हरकत हाय का?” आणि उत्तराला न थांबता “न्हाई. मंजूर,” म्हणाले.

मी उभी राहिले. “हजेरी वाचून दाखवा.”

आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाले. या वेळी सगळ्या माना वळल्या. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं नाही. मालकांना म्हणाले, “काय म्हणायल्यात त्ये, इचार जरा.”

मालकांनी मागं न वळता मला सांगितलं, “खाली बस.”

“भाऊसाहेब, हजेरी वाचा. सभेत कोण कोण आहे ते लोकांना कळू द्या.”

मागून कुणीतरी मजेत म्हणालं, “वाचा की मंग. काय बिघडतंय?” भाऊसाहेबांनी भाऊजींकडं बघितलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. पहिल्या काही नावांना लोक ‘हाय, हाय’ म्हणाले. मग वस्तीतल्या एका गड्याचं नाव आलं. कुणी बोललं नाही. पुढचं नाव, पुन्हा गप्प. तिसऱ्याला एकजण हसला, “त्यो तर फडात कोयता हाणायलाय.” लोकही हसले. सहा-सात नावं अशी गेली आणि हसणं आपोआप थांबलं. आक्काचं नाव आलं तेव्हा मी मनगटातली पाटली नुसती गरगर फिरवत होते.

“समद्या गावाला ठावं हाय ह्ये,” भाऊजी लोकांकडं बघून म्हणाले. “आजवर चाललं. आजच कामून वाचायलो आपण?”

“कारण त्यांची घरं चाललीत,” मी म्हणाले. “ठरावात नाल्यापर्यंतची जागा लिहिलीय. तिथं कुणी राहत नाही असं लिहिलंय. आणि खाली त्यांचेच अंगठे आहेत.”

एकदम गलका झाला. “म्हंजी सोलर व्हऊ द्यायचं न्हाई का?” “वस्ती काय, कुठंबी बसंल!” एका म्हाताऱ्यानं माझ्या मालकांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “रातचं पाण्याला जाऊन तू मेलास तर चालंल का रं हिला?” हा प्रश्न माझ्या वर्मी लागला, कारण तोच मी सकाळपासून स्वतःला विचारत होते. मला रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला.

तेवढ्यात भाऊसाहेब माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, विषय वाढवू नका. या सह्या कुणी घेतल्या हे पुढं विचारलं जाईल.” सांगणं काळजीचं होतं की धमकीचं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

“मी घेतल्या,” मी मोठ्यानं म्हणाले. “कोऱ्या पानावर. दिवाळीनंतर, वस्तीत जाऊन. लिहा तसं प्रोसिडिंगमध्ये.”

मालक उठले आणि चपला पायात सरकवून निघून गेले. ते गल्लीच्या वळणापर्यंत जाताना सगळं गाव बघत होतं. मग भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, “खरंच लिहून घिऊ का?”

“घ्या.”

त्यांनी पुस्तक स्वतःकडं ओढलं आणि मागची पानं चाळली. माझ्या धीरामुळं काही झालं असं मी म्हणणार नाही. हे एकदा लिहिलं गेलं असतं तर मागच्या सगळ्या वर्षांचे ठराव उकरले गेले असते आणि त्यांत गावातल्या प्रत्येकाचं काही ना काही होतं. भाऊजींच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. “ह्यो इषय पुढच्या सभेला,” म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि चहा सांगितला. मला कुणी चहा विचारला नाही.

दुपारी मी आक्काला फोन लावला. ती फडात होती. मागं ट्रकचा आवाज होता, कुणीतरी मोळ्या लवकर टाका म्हणून ओरडत होतं. मी सगळं सांगितलं, माझ्या बाजूनं जरा जास्तच. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, “त्या पानावर वर काय लिवलं व्हतं, मी अंगठा दिला तवा?”

“काहीच नव्हतं आक्का. कोरं होतं.”

“मंग तुमी त्यो घेतला कामून, मेंबरबाई?”

वैनीची मेंबरबाई झाले ती त्या फोनवर. तिनं उत्तराची वाट बघितली नाही, मोळ्या पडल्यात म्हणाली आणि फोन ठेवला. घरी त्या रात्री मालक माझ्याशी बोलले नाहीत, पुढचे दहा-बारा दिवसही नाहीत. पाण्याला जाताना बॅटरी एरवी मी हातात द्यायचे, ती आता ते स्वतःच खुंटीवरून काढून न्यायचे.

वस्ती वाचली, हे सांगून टाकते. मे महिन्याच्या सभेला वस्तीतले लोक स्वतः येऊन बसले. ओटा पुरला नाही, माणसं रस्त्यावर उभी होती. नाल्याकडची पट्टी वगळून उरलेली जमीन द्यायचं ठरलं आणि ठराव सगळ्यांसमोर वाचून मग सह्या झाल्या. सोलर अजून आलेलं नाही, येईल म्हणतात. पण मला जे विसरता येत नाही ते त्याआधीचं आहे, पाडव्यानंतरच्या आठवड्यातलं.

तोडीवरून माणसं परत आली होती. राहणाऱ्यांच्या लेखी हरकती लागतील असं मला तालुक्याच्या कचेरीत सांगितलं होतं, म्हणून मी मोठ्या अक्षरांत अर्ज लिहिला आणि सगळ्यात आधी आक्काकडं गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. उन्हानं काळवंडली होती, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच अर्ज वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग सूप बाजूला ठेवून उठली, कागद माझ्या हातातून घेतला आणि काही न बोलता चालायला लागली.

मी मागं निघाले. मला वाटलं रेशन दुकानदाराकडं चालली असेल, तो शिकलेला आहे. ती दुकानावरून पुढं गेली. मारुतीच्या देवळावरून पुढं गेली आणि थेट भाऊजींच्या दारात जाऊन उभी राहिली. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

“भाऊ, ह्यात काय लिवलंय तेवढं वाचा,” ती म्हणाली.

भाऊजींनी आधी कागद बघितला, मग रस्त्यावर पदर सावरत उभ्या असलेल्या मला. सोलरची फाईल ज्यांनी केली त्यांच्याच हातात तिनं त्या फाईलवरची हरकत दिली होती. त्यांना काहीही वाचता आलं असतं. पण त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, अक्षरन् अक्षर, जसं होतं तसं: आम्ही खाली सही करणारे या जागेवर कायम राहतो, हंगामात कामासाठी बाहेर जातो, आमची घरं रिकामी समजू नयेत. शेवटपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला.

“झालं?” त्यांनी विचारलं. “पटलं का आता?”

आक्का माझ्याकडं वळली नाही. अंगठा उठवायला ओट्याच्या कडेवर कागद पसरत ती म्हणाली, “तुमी दोगांनीबी येकच वाचलं. म्हणल्यावर खरं आसंल.”