दोन्ही बाजू अडून बसल्या

माझी नणंद तडजोडीच्या कचेरीत टायपिस्ट आहे. कामगार आणि मालक भांडले की सरकारचा साहेब दोघांना समोरासमोर बसवतो, आणि कोण काय बोललं ते ताई इंग्रजीत उतरवते. सव्वीस वर्षं झाली. तिच्याइतकं इंग्रजी त्या मजल्यावर कुणाला येत नाही. हे ती स्वतः सांगत नाही, पण आपण विसरलो तर तिला राग येतो.

बोलणी फिसकटली की अहवालात एक ठरलेलं वाक्य पडतं: दोन्ही बाजू ‘ॲट लॉगरहेड्स’ आहेत. म्हणजे अडून बसल्यात, कुणी तसूभर हलत नाही. ते वाक्य पडलं की फाईल वर कोर्टात जाते आणि माणसं म्हातारी होईपर्यंत तिथेच राहते. नव्या साहेबानं एकदा नुसतंच लिहिलं, ‘मालक ॲट लॉगरहेड्स आहे.’ ताईनं तिथल्या तिथे सुनावलं, “साहेब, कुणाशी? एका हातानं टाळी वाजत नाही!” हे तिनं मला दहादा ऐकवलंय. मी म्हणायचे, “हो हो, इंग्रजीबाई, आता भाजी निवडा.”

मग ह्यांच्याच कारखान्याला टाळं लागलं. हे म्हणजे माझा नवरा, ताईचा धाकटा भाऊ. सात महिने ताईच्याच कचेरीत बोलणी चालली. कामगारांनी पगारवाढ सोडली, बोनस सोडला, शेवटी अर्ध्या पगारावर यायलाही तयार झाले. मालक एकदाही आला नाही. त्याचा वकील यायचा, घड्याळ बघायचा आणि पुढची तारीख मागायचा.

गेल्या सोमवारी साहेब म्हणाला, “बाई, संपवा आता. नेहमीचं वाक्य टाका.”

“इथे ते बसत नाही, साहेब. ह्या लोकांनी सगळं कबूल केलंय. अडलाय तो मालक एकटाच.”

“तुमचा भाऊ आहे ना त्यात? मग जपून बोला. नाहीतर तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल.”

ताईनं टाईप करून दिलं. एकही चूक नव्हती.

शनिवारी दुपारी टपालानं अहवालाची प्रत घरी आली. ह्यांना इंग्रजी येत नाही. स्वयंपाकघरातच ह्यांनी कागद तिच्यापुढे धरला. “वाच गं ताई.”

तिनं मराठीत सांगितलं. दोन्ही बाजू अडून बसल्यामुळे समझोता होऊ शकत नाही.

“दोन्ही?” हे म्हणाले. “आम्ही कुठे अडलो? नाक घासायचं तेवढं राहिलं होतं!”

माझं डोकंच फिरलं. “बोला ना आता! सव्वीस वर्षं साहेबांच्या चुका काढल्यात, ही एक नाही निघाली तुमच्याच्यानं?” बोलून गेले, पण समोर पोरं जेवत होती ती तिच्याच पगारावर. मेलं, रागवायलाही तोंड ठेवलं नाही.

“आता बदलता येईल?” ह्यांनी विचारलं.

“नाही रे. फाईल वर गेली.”

ह्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, “तुझी नोकरी राहिली ना?”

ताईनं हो म्हणून मान हलवली.

“मग झालं,” असं म्हणून हे उठले. मी ह्यांचं ताट मांडायला घेतलं, तर म्हणाले, “मला नको. पोरांना वाढ.”