सोमवारची बुट्टी

खंडोजीकाकांच्या गणेशचा फोन आला तेव्हा मी कामावर जायला म्हैसुरात, मेटगळ्ळीच्या बसस्टॉपवर उभी होते. "अक्का, अप्पा गेले," एवढंच तो बोलला. मग म्हणाला, "तळ्याच्या पाटात पडले होते. गाळाची बुट्टी बाजूलाच होती." दिवस सोमवारचा. काका दुसऱ्या कुठल्या वारी गेले असते तर मला कमी लागलं असतं… नाही, खोटं कशाला लिहू. तेवढंच लागलं असतं.

आमचं गाव येलवालच्या पुढे, आत. पूर्वज राजाच्या फौजेत होते म्हणतात. आमच्या वाट्याला तलवार आली नाही, तळ्याखालची चार तुकडे जमीन आली. गावात सोमवारी बैलांना जू लावत नाहीत. बैल मोकळे म्हणजे माणसंही मोकळी, आणि हाच दिवस काकांनी धरला. उन्हाळ्यात दर सोमवारी प्रत्येक घरातून एकाने यायचं, तळ्यातला गाळ आणि पाण्याच्या पाटातला कचरा डोक्यावरून वाहायचा. गाळ रानात टाकायचा, पण पहिली बुट्टी कुणाच्या रानात, हे ठरलेलं. ज्या घरी उचलणारं कुणी नाही, त्या घरच्या. म्हणजे निंगम्माच्या. तिला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. ती ओझं उचलायची नाही, सगळ्यांसाठी नाचणीची अंबली घेऊन यायची.

काका कुणाला हाका मारत नसत. उजाडताना बांबूची रिकामी बुट्टी उलटी धरून तिच्या बुडावर बोटांची पेरं टकटक वाजवत गल्लीतून चालायचे. मी कारण विचारलं होतं एकदा. म्हणाले, "नाव घेतलं की माणूस सबब सांगतो गं. नाव नाही घेतलं तर सबब कुणाला सांगणार?" सगळ्यात आधी निंगम्माच्या दारातून आवाज यायचा, "बंदे, अण्णा, बंदे!" म्हणजे आले, आले. मग एकेक कडी निघायची.

मी घराण्यातली पहिली पदवीधर. याचा मला गर्व होता आणि अजून आहे, लपवत नाही. म्हैसूरच्या हॉस्टेलवर पोचवताना माझी ट्रंक काकांनीच डोक्यावरून नेली. रखवालदार म्हणाला, खाली ठेवा, ढकलत न्या. काका म्हणाले, "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे, "गाळापेक्षा हलकी आहे." पास होऊन आले तेव्हा मंडळी चावडीवर जमली. "शिकलीस नव्हं, मग एक अर्ज लिही की. तळं सरकारनं नीट करावं, कायमचं." मी लिहिला. असा कन्नड अर्ज त्या कचेरीने पाहिला नसेल. जबाबदारी शासनाने घ्यावी, असं ठासून लिहिलं, खाली सही केली आणि सहीपुढे बी.ए. लिहिलं. काका तेवढे म्हणाले, "तळं त्यांचं झालं, तर सोमवारी मी कुणाच्या दारात जाऊ?" मी हसले. म्हणाले, "काका, डोक्यावर चिखल वाहायचे दिवस गेले."

अर्ज मंजूर झाला. मशीन आलं, एका बाजूला खणून गेलं, काठाला दगड लागले, पाटी लागली. पुढच्या सोमवारी काकांनी बुट्टी वाजवली, तर दारातूनच उत्तर आलं, "ईग सरकारद्दल्वा, खंडप्पा?" आता सरकारचं आहे ना! कुणीतरी हसत जोडलं, "नातीला सांगा, अजून एक अर्ज लिहायला." मी नात नव्हे, पुतणी, पण टोमणा बरोबर बसला. तळ्यात पाणी आणणारा पाट कुणाच्याच कागदात नव्हता. तो बुजला. पाऊस पडायचा, पाणी भलतीकडून निघून जायचं, आणि दगडांनी बांधलेलं तळं कोरडं राहायचं. आधी भात गेला, मग विहिरी आटल्या. निम्मी पोरं आता येलवालच्या नाक्यावर शहरात नेणाऱ्या गाडीची वाट बघत उभी असतात.

काका एकटे जात राहिले. सत्तरी उलटलेला माणूस, एक बुट्टी, कोसभर लांब पाट. शेवटचं भेटले तेव्हा पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "पोरी, लिहिलेलं खोडता येतं का गं?" मी कचेरीत गेले. जबाबदारी गावाला परत द्या म्हटलं. कारकून वाईट माणूस नव्हता, खरंच गोंधळला. "मेडम, मागायला सगळे येतात. परत घ्यायला कुणी येत नाही. त्याला अर्जाचा नमुनाच नाही." हे काकांना सांगायचं कसं, याचा विचार करत मी दोन आठवडे गावी गेले नाही. मग गणेशचा फोन आला.

काकांचे दिवस झाल्यावरही मी गावीच राहिले. काकींनी बुट्टी दारामागे टांगली आहे, बुडाला वाळलेला चिखल तसाच. पुसू देत नाहीत. परवाच्या सोमवारी उजाडताना मी ती काढली. उलटी धरली आणि पेरांनी वाजवत गल्लीतून निघाले. आवाज माझा नव्हताच, काकांचाच होता. एक दार, दुसरं, पाचवं… आत भांडी वाजत होती, रेडिओ लागला होता, म्हणजे माणसं जागी होती. एका दारातून मात्र आवाज आला, "बंदे, अण्णा, बंदे!"

निंगम्मा अंबलीचं मडकं घेऊन बाहेर आली. मला पाहिलं, ओळखलं, आणि तरी माझ्या मागे, गल्लीच्या टोकाकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि पाटाच्या दिशेने चालू लागली. मागून बुट्टी घेऊन मी. गावातून आम्ही दोघीच… आणि तिला तर कधीच ओझं उचलवलं नाही.